एका मुलापुरती मदत

माझा धाकटा भाऊ बहिरा होता आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज त्याचाच होता. ताटं आपटायचा, दार धाडकन लावायचा, पळताना पाय आपटत पळायचा. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या भिंती पातळ. पलीकडची माणसं सुरुवातीला तक्रार करत, मग त्यांनाही सवय झाली. तो चालायला लागला तरी कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. एका दिवाळीत अंगणात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, लहान पोरं रडायला लागली आणि हा आपला चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात बसला. तेव्हा आईनं बाबांकडे पाहिलं.

बाबा लोको शेडमध्ये फिटर होते. आई चोपड्याकडची, चौथीपर्यंत शिकलेली. मी त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. बोलणं शक्य नाही म्हटल्यावर आम्ही चौघांनी मिळून हातांची एक भाषा तयार केली. तयार केली असं तरी कसं म्हणू, ती आपोआप झाली. आईच्या हनुवटीवर गोंदण होतं, म्हणून हनुवटीवर बोट टेकवलं की आई. एका तळव्यानं दुसरा तळवा पुसला की बाबा, कारण ते घरी आले की आधी हाताचं ग्रीस पुसत. स्वतःच्या कानामागून खांद्यापर्यंत हात ओढला की मी, माझी वेणी. भूक, झोप, पाणी, केळं, मार, लाड, सगळ्याला खुणा होत्या. बाहेरच्या कुणाला त्या कळत नसत. बाजारात आम्ही दोघं हातांनी बोलत चाललो की माणसं वळून बघत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

त्याला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आमच्या शाळेतल्या गुरुजींनी आठवडाभर बसवून पाहिलं आणि मग आईला बोलावून हात जोडले. रेल्वेच्या दवाखान्यातले कानाचे डॉक्टर म्हणाले, अशा मुलांची शाळा वेगळी असते, शिकवणारे वेगळे असतात. जळगाव-धुळ्याकडे आपल्या माहितीत अशी शाळा नाही. पुण्याला आहे, तिथंच वसतिगृहही आहे. त्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला. त्यात कानाला लावायचं यंत्र, त्याचे सेल, राहणं, खाणं सगळं आलं.

समोरच्या क्वार्टरमध्ये डिव्हिजन ऑफिसातले एक कारकून राहत. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. अर्ज लिहून द्यायला लोक त्यांच्याकडेच येत. त्यांनी आईला सांगितलं की मुंबईत, पुण्यात पुष्कळ खाजगी ट्रस्ट असतात, श्रीमंत माणसं आपल्या आईबापाच्या नावानं पैसा बाजूला ठेवतात आणि त्याच्या व्याजातून गरजूंना देतात. पण ते कुठे असतात आणि कुणाला देतात, याची यादी नानांकडेही नव्हती.

मग आई शोधायला लागली. ज्याचं नाव दगडावर कोरलेलं आहे त्यानं कधीतरी काहीतरी दिलेलं आहे, एवढं तिला कळत होतं. तेवढ्यावरच ती निघाली. स्टेशनची पाणपोई, धर्मशाळेची ओवरी, जळगावच्या दवाखान्याचा नवा वॉर्ड, जिथं जाईल तिथं ती मला पाटीसमोर उभी करायची आणि नाव-गाव उतरवून घ्यायला लावायची. त्या काळी देणगीतल्या पंख्यांच्या पात्यांवरही नावं रंगवलेली असत. पंखा फिरत असला की ती वाचता येत नसत. एकदा प्रसूतीच्या वॉर्डात आम्ही दोघी लाइट जायची वाट बघत बसलो होतो. नर्सनं विचारलं, पेशंट कोण? आईनं सांगितलं, कुणी नाही, पंखा थांबायची वाट बघतोय. नर्सनं उठून बटण बंद केलं आणि आम्ही नाव लिहून घेतलं.

पत्ते नाना मिळवून देत. पत्र मी लिहायची, आई सांगायची. उत्तरं येत तशी आईला एक एक गोष्ट कळत गेली. कुणी फक्त ऑपरेशनला देत, शिक्षणाला नाही. कुणी गोशाळेला देत. कुणी कॉलेजच्या मुलांना देत, लहान मुलांना नाही. पुष्कळजण फक्त आपल्या ज्ञातीतल्यांना देत. तशा एका छापील अर्जात पहिलाच रकाना ज्ञातीचा होता. आईनं तो माझ्याकडून वाचून घेतला, घडी घातली आणि म्हणाली, हे घर आपलं नाही. एका ट्रस्टनं तर पैशांऐवजी संस्थापकांचा फोटो पाठवला, भिंतीला लावण्यासाठी. बाबा त्या दिवशी खूप दिवसांनी हसले.

आई खचली नाही याचं मला आता नवल वाटतं. ती म्हणायची, ते दार दुसऱ्याचं आहे, म्हणजे आपलंही कुठंतरी असेल. तिला हळूहळू मागायचं कसं तेही जमलं. आधी ती आमची गरिबी सांगायची. नाना म्हणाले, गरिबी सगळेच सांगतात, मुलाला काय येतं ते लिहा. मग आम्ही लिहिलं की हा मुलगा रुळाजवळच्या जमिनीवर अनवाणी उभा राहून गाडी येतेय हे आमच्याआधी सांगतो, आणि एकदा पाहिलेलं चित्र पाटीवर पुन्हा काढतो.

त्या पत्राला मुंबईच्या एका ट्रस्टचं उत्तर आलं. मुलाला घेऊन भेटायला या.

रेल्वेच्या पासावर आम्ही तिघं गेलो. बाबांना सुटी मिळाली नाही. जुन्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यावर ऑफिस होतं, आणि तिथं एकच म्हातारे गृहस्थ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्यांच्या टेबलावर छोटा पंखा होता. माझ्या भावानं आत जाताच टेबलावर दोन्ही तळवे ठेवले आणि पंख्याची थरथर अंगात घेत हसायला लागला. ते गृहस्थ त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनीही आपला तळवा टेबलावर ठेवला. थोडा वेळ दोघं तसेच होते. नंतर त्यांनी आईला आमची माहिती विचारली, डॉक्टरांचा कागद पाहिला आणि सांगितलं की मुलगा पुण्याच्या शाळेत असेपर्यंत त्याचा खर्च ट्रस्ट करेल.

आईनं हात जोडले. पण ती उठली नाही. तिथपर्यंत तिनं शहरातल्यासारखं, सांभाळून बोलणं जमवलं होतं. आता तिच्या तोंडून माहेरची बोली आली.

"साहेब, मना पोऱ्या घरमाच ऱ्हाईसन शिकी, आसं काही नही का?"

त्यांना ते नीट कळलं नाही. मी सांगितलं की आई विचारतेय, हीच मदत देऊन त्याला घरी राहून शिकता येईल असं काही करता येईल का.

ते मान हलवून म्हणाले, "ही मदत मुलाला आहे, बाई. गावाला द्यायची तर गावानं संस्था काढायला हवी, ती नोंदवायला हवी, तीन वर्षं चालवून हिशेब दाखवायला हवा. मग आम्ही शाळेलाही देतो. पण तोवर हा केवढा होईल?"

परतीच्या गाडीत आईनं मला ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. भाऊ खिडकीच्या गजाला दात लावून बसला होता. त्याला तसं बसायला आवडायचं, गाडीची सगळी थरथर डोक्यात जाते म्हणून.

त्याला पुण्याला सोडायला आई-बाबा दोघं गेले आणि हट्ट करून मीही गेले. अडचण अशी की त्याला सांगायचं कसं? आमच्या भाषेत जेवणाला खूण होती, पण महिन्याला नव्हती. शाळेला नव्हती, पुण्याला नव्हती. 'तू इथं राहशील आणि आम्ही परत येऊ' हे सांगायला लागणाऱ्या खुणा आम्हाला कधी लागल्याच नव्हत्या. मनमाड-दौंडमार्गे जाणाऱ्या त्या गाडीत आई रात्रभर त्याला समजावत होती. दोन्ही हातांनी फटाका उडवून दाखवायची, मग घर दाखवायची. दिवाळी आली की घर. त्याला वाटलं फटाके मिळणार. तो खूश होता.

वसतिगृहाच्या बाईंनी त्याचा हात धरला तेव्हाही तो खूशच होता. आम्ही फाटकाकडे वळलो आणि तो आमच्यामागे चालायला लागला. बाईंनी त्याला धरलं. त्यानं हनुवटीवर बोट टेकवलं, एकदा, मग पुन्हा पुन्हा, ठोकल्यासारखं. आईनं मागे वळून पाहिलं नाही असं तिनं पुढं कित्येकांना सांगितलं. ते खरं नाही. तिनं पाहिलं होतं, मी शेजारीच होते.

घरी आलो आणि घर गप्प झालं. ताट आपटत नव्हतं की दार वाजत नव्हतं. पलीकडची बाई येऊन म्हणाली की फार सुनं वाटतं हो. मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून हात हलवत राहायची. बोलायला कुणी नव्हतं, पण हातांना सवय होती. आई जेवायला वाढताना चार ताटं घ्यायची, एक परत ठेवायची.

त्या हिवाळ्यात आईनं दुसरी बहिरी मुलं शोधायला सुरुवात केली. दवाखान्यात, आठवडी बाजारात, बसमध्ये ती विचारत फिरायची. कॉलनीतच दोन निघाली. चोपड्याकडून मामानं एकाची खबर आणली. रावेरला एक मुलगी सापडली, केळीच्या घडांची जिथं प्रतवारी होते तिथं तिचे आईबाप कामाला होते. ती दिवसभर केळीच्या पानांवर बसून असायची. आईनं तिच्या बापाला पुण्याच्या शाळेबद्दल सांगितलं, ट्रस्टकडून मदत मिळते हेही सांगितलं. तो म्हणाला, अक्का, पैसे मिळाले तरी पोरगी एवढ्या लांब नाही धाडायची. आई त्याच्याशी वाद घालणार असं मला वाटलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. नका धाडू."

आमच्या वस्तीतल्या विहाराचा हॉल दुपारी रिकामा असे. तिथं वर्ग सुरू झाला. शिकवणारी एक तरुण बाई मिळाली. पुण्याकडे या कामाचं शिक्षण घेतलेली, लग्न होऊन भुसावळात आलेली आणि घरात बसून कंटाळलेली. तिला द्यायला फारसं काही नव्हतं आणि तिनंही मागितलं नाही. संस्था नोंदवायला सात नावं लागतात असं नानांनी सांगितलं. आईनं स्वतःसकट कॉलनीतल्या सात बायका गोळा केल्या. जळगावला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्या सगळ्या इस्त्रीच्या साड्या नेसून गेल्या आणि तिथल्या कारकुनानं विचारलं की बाई, तुमच्यात अध्यक्ष कोण? एकीलाही ते ठरवायचं सुचलं नव्हतं. तिथंच बाकावर बसून त्यांनी आईला अध्यक्ष केलं.

पुढची वर्षं मदत शोधण्यात गेली. गावातल्या व्यापाऱ्यांनी सतरंज्या दिल्या, एकानं फळा दिला. रावेरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्यानं दर आठवड्याला मुलांसाठी घड पाठवला, कायम पाठवला. पण शिक्षिकेचा पगार, आणि सगळ्या मुलांच्या कानांना एकदम जोडता येईल असं यंत्र, हे कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यासाठी मोठा ट्रस्टच हवा होता. आता आईला पाट्या वाचत फिरावं लागत नव्हतं, कुठं मागायचं ते तिला कळत होतं. तरी नकार येतच होते. खेड्यातल्या कामाला देणारे म्हणत भुसावळ शहर आहे, शहरातल्या कामाला देणारे म्हणत फार लहान आहे.

भाऊ दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी यायचा. पहिल्या दिवाळीला तो आईला सोडेना, न्हाणीघराच्या दाराबाहेरसुद्धा बसून राहायचा. दुसऱ्या वर्षी तसं नव्हतं. छातीवर यंत्राची डबी, कानात वायर, केस नीट कापलेले. त्याला शाळेत बोलायला शिकवत होते. स्टेशनवरून घरात आल्यावर तो आईसमोर उभा राहिला, तोंड मोठं उघडलं आणि म्हणाला, "आ...ई." सपाट, मोठा आवाज, लोखंडी पत्रा ओढल्यासारखा. आईनं त्याला जवळ घेतलं आणि सगळ्या कॉलनीला बोलावून तो शब्द ऐकवला. मला आनंद झाला होता. पण त्या सुट्टीत मी वाट बघत राहिले आणि त्यानं हनुवटीवर बोट काही टेकवलं नाही.

शाळेत वर्गात खुणा करू देत नसत, पण वसतिगृहात मुलं आपापसांत हातांनीच बोलत, आणि ती भाषा निराळी होती. चांगली, मोठी भाषा. तिच्यात महिने होते, गावं होती, 'का' होतं आणि 'कदाचित' होतं. तो मला शिकवायचा. सुट्टी संपेपर्यंत मला थोडी यायची, तोवर तो जायचा, आणि पुढच्या वेळी त्याचे हात आणखी भरभर चालायचे. मी आमच्या जुन्या खुणा केल्या की तो हसायचा, मोठी माणसं बोबड्या बोलाला हसतात तसा. शेवटच्या आठवड्यात तो कॅलेंडरपाशी उभा राहायला लागला. त्याला मित्रांची आठवण यायची. आई त्याची पिशवी भरताना त्याच्याकडे पाहायची, आणि तो दाराकडे.

मुंबईच्या त्याच ट्रस्टकडे आईनं पुन्हा अर्ज केला, या वेळी शाळेसाठी. ते म्हातारे गृहस्थ आता नव्हते. त्यांची सून काम बघत होती. ती स्वतः भुसावळला आली, उन्हाळ्याच्या तोंडावर, सुती साडीत, आणि आम्ही खुर्ची ठेवली असूनही सतरंजीवर मुलांमध्ये बसली. दुपारभर तिनं वर्ग पाहिला. मग आईला विचारलं की तुमचा मुलगा तर आमच्या मदतीवर पुण्यात चांगला शिकतोय, मग हे सगळं कुणासाठी?

आई मुलांकडे बघत म्हणाली, "आठे बठ्ठा मनाच पोरे शेतस."

ती बाई हसली. ही सगळी माझीच मुलं आहेत, एवढं तिला न सांगता कळलं. थोड्या वेळानं आई तिला साध्या मराठीत म्हणाली, "यांनी संध्याकाळी आपापल्या घरी जेवावं, एवढंच."

पावसाळ्यानंतर मंजुरी आली. शिक्षिकेला पगार सुरू झाला, यंत्र आलं, विहारामागची खोली बांधून झाली. रावेरची मुलगी सकाळच्या पॅसेंजरनं यायची, तिची आई सोबत असायची, आणि दिवेलागणीच्या आत दोघी परत असायच्या.

आईनं एवढं उभं केलं त्यामागं एक इच्छा होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवाळीत भाऊ आला तेव्हा तिनं त्याला शाळेत नेलं. तो आता माझ्या खांद्याच्या वर गेला होता. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली, त्यानं त्यांना हातांनी गोष्टी सांगितल्या, फळ्यावर इंजिन काढून दिलं. लहान पोरं त्याला सोडेनात. आई दाराशी उभी होती. मग तिनं शिक्षिकेला मध्ये घेऊन त्याला विचारलं की इथं राहशील का, घरी?

त्यानं खोलीकडे पाहिलं. वर्ग चौथीपर्यंतच होते आणि तो सातवीत होता. त्याच्या वयाचं तिथं कुणी नव्हतं. त्यानं शिक्षिकेला भरभर काहीतरी सांगितलं.

"तो म्हणतो, शाळा छान आहे," ती म्हणाली. "पण तिकडे त्याच्याशी बोलायला माणसं आहेत."

आईनं मान हलवली, दोनदा. त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. सुट्टी संपल्यावर तो एकटाच गाडीत बसून गेला. त्याला आता सोडायला लागत नव्हतं.

त्याच्या शिक्षणाला ट्रस्टनं शेवटपर्यंत मदत केली. तो पुण्यातच छपाईचं काम शिकला, तिथंच नोकरी लागली, तिथंच एका बहिऱ्या मुलीशी लग्न झालं. आईची शाळा वाढली. पुढं सातवीपर्यंत वर्ग झाले. चोपड्याची, रावेरची, यावलची मुलं येत. बाबा निवृत्त झाले आणि शाळेच्या दुरुस्त्या करायला लागले. आईला कुणी विचारलं की मदत कशी मिळवलीत, तर ती तास तास सांगत बसे. कुणाला नव्यानं संस्था काढायची असली की तिच्याकडे येत. ती त्यांना बसवून घ्यायची, चहा करायची, आणि आधी हे विचारायची की तुम्हाला एका मुलासाठी हवंय की सगळ्यांसाठी. दोन्हीची दारं निराळी, ती म्हणायची. भावाचं नाव ती अशा वेळी घेत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कामासाठी पुण्याला गेले होते आणि संध्याकाळी त्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, आणि त्या दिवशी त्याचे मित्र जमलेले. सात-आठ माणसं, सगळी हातांनी बोलणारी. आवाज म्हणाल तर बांगड्यांचा आणि कपबशांचा. सगळे एकदम हसत होते, एकमेकांचे हात धरून मध्येच बोलणं तोडत होते, आणि माझा भाऊ त्यांत सगळ्यात जास्त बोलत होता. लहानपणी मी त्याची दुभाषी होते. तिथं मी कोपऱ्यात बसून नुसती बघत होते. एखादा हात ओळखीचा वाटायचा आणि निसटून जायचा. तो सुखात होता. मला ते दिसत होतं.

मी जायला उठले. त्यानं पाहिलं, मित्रांना थांबवलं, उठून माझ्यासमोर आला. त्याला माहीत होतं की त्याचे हात मला आता कळत नाहीत. बोलायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं, कारण बोलताना लोक त्याच्याकडे बघत. पण त्यानं दोन्ही हात खाली ठेवले, ओठ जुळवले, आणि त्याच जुन्या सपाट आवाजात, एक एक अक्षर उचलून, म्हणाला,

"जे...वून जा."

त्याची बायको आधीच कणीक घेऊन बसली होती. मी पर्स खाली ठेवली आणि तिच्या शेजारी पोळ्या लाटायला बसले.